खंड्याचा विमा की मनीची बरणी? ब्रिटनमध्ये कुत्र्यामांजराच्या आजारपणाची सोय कशी करावी

आमच्या घरात दोन जनावरं आहेत आणि दोघांच्या आजारपणाची सोय दोन तऱ्हांनी केलेली आहे. खंड्या नऊ वर्षांचा लॅब्रेडॉर. तो पिल्लू असतानाच त्याचा विमा उतरवला. मनी आठ वर्षांची साधी घरगुती मांजर, तिचा विमा कधीच नव्हता. तिच्या नावाने महिन्याला २५ पाउंड एका वेगळ्या खात्यात पडतात. त्या खात्याला आम्ही ‘मनीची बरणी’ म्हणतो.

लेस्टरची माझी मामेबहीण आता कॉकर स्पॅनियलचं पिल्लू आणतेय. परवा तिचा फोन आला, ‘ताई, विम्याचे आकडे बघून डोळे पांढरे झाले गं. घेऊ की नको?’ तिला तासभर जे सांगितलं तेच इथे लिहून काढते. इथल्या बऱ्याच मराठी घरांत लॉकडाउनमध्ये पिल्लं आली होती. ती आता पाच-सहा वर्षांची झालीत, म्हणजे हप्ता जिथून चढायला लागतो त्या वयाला पोचलीत.

खंड्याचा हप्ता २०१६ मध्ये महिन्याला २६ पाउंड होता. यंदाच्या रिन्यूअलच्या पत्रात ९१ आहे. त्याचा गुन्हा एवढाच, की तो म्हातारा झाला आणि मधे एकदा त्याचा गुडघा गेला.

हप्ता का चढतो

सगळा दोष विमा कंपन्यांचा नाही. बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेने, कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने, व्हेटच्या म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या धंद्याची चौकशी केली. ऑक्टोबर २०२५ मधल्या तिच्या तात्पुरत्या निर्णयानुसार २०१६ ते २०२३ या काळात व्हेटच्या सेवांचे भाव ६३ टक्क्यांनी वाढले, म्हणजे महागाईला बरंच मागे टाकून. २०१३ मध्ये दहातला जेमतेम एक दवाखाना मोठ्या साखळीच्या मालकीचा होता, आता दहातले सहा आहेत. या साखळ्या सहाच. दारावर जुन्या डॉक्टरचंच नाव असतं, त्यामुळे मालक बदललाय हे पुष्कळदा कळतही नाही. शिवाय एमआरआय, सीटी स्कॅन, हाडांचे खास सर्जन हे सगळं आता कुत्र्यांनाही उपलब्ध आहे, आणि उपलब्ध असलं की करून बघावंसं वाटतंच.

त्यावर सरकारचा हात दोनदा फिरतो. व्हेटच्या बिलावर २० टक्के व्हॅट आणि विम्याच्या हप्त्यावर १२ टक्के इन्शुरन्स प्रीमियम टॅक्स. आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. जानेवारी २०२२ पासून घर आणि गाडीच्या विम्यात जुन्या ग्राहकाला रिन्यूअलच्या वेळी नव्यापेक्षा जास्त भाव लावायला बंदी आहे. प्राण्यांचा विमा त्या बंदीत येत नाही. गाडीचा विमा आपण दर वर्षी घासाघीस करून बदलतो, तसं कुत्र्याचं करता येत नाही. का, ते पुढे येईलच.

इंग्रज शेजाऱ्यांना व्हेटचं बिल बघून जो धक्का बसतो तो आपल्याला तेवढा बसत नाही, असं माझं निरीक्षण आहे. त्यांनी आयुष्यभर एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी मोफत आरोग्यसेवेत, उपचार घेतलेले असतात. आपण ‘आधी डिपॉझिट भरा’ ऐकत मोठे झालो. तरीही गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन ते सहा हजार पाउंड ऐकल्यावर मीसुद्धा खुर्ची शोधली होती.

चार पॉलिसी, पण खरी निवड दोघींतली

तुलनेच्या साइटवर चार प्रकार दिसतात. सर्वांत स्वस्त ‘ॲक्सिडेंट ओन्ली’: गाडीखाली आला, पाय मोडला तर पैसे मिळतात, आजारपणाला काही नाही. तिच्याकडून कुणाला भलत्या अपेक्षा नसतात, म्हणून तिच्यावर माझा राग नाही.

माझा राग आहे तो ‘टाइम लिमिटेड’वर. एखादा आजार सुरू झाला की साधारण बारा महिने किंवा ठरलेली रक्कम, यातलं जे आधी संपेल तोवर पैसे, मग त्या आजाराला कायमचं कुलूप. कॉकर स्पॅनियलच्या कानांचं उदाहरण घ्या. ते लांब, केसाळ, झाकलेले कान पुन्हा पुन्हा बिघडतात. पहिल्या वर्षी विम्याने औषधं दिली, दुसऱ्या वर्षापासून तोच कान तुमच्या खिशावर. त्वचेची ॲलर्जी, मधुमेह, संधिवात या कुत्र्यांच्या खऱ्या खर्चिक व्याधी वर्षात आटोपत नाहीत. स्वस्त हप्ता बघून लोक हीच पॉलिसी घेतात आणि ‘आमचा विमा आहे’ या समाधानात राहतात. त्यापेक्षा विमा नसलेला बरा, निदान माणूस पैसे तरी साठवतो.

‘मॅक्झिमम बेनिफिट’मध्ये वेळेचं बंधन नसतं, पण प्रत्येक आजारासाठी एकच ठरावीक रक्कम असते. ती संपली की संपली. मधला मार्ग, फार बोलण्यासारखं काही नाही.

‘लाइफटाइम’मध्ये ही रक्कम दर वर्षी रिन्यूअलला पुन्हा भरते. तोच संधिवात, तीच इंजेक्शनं, पण रिन्यूअल झालं की खातं परत पूर्ण. अट एकच, खंड पडता कामा नये. हीच तिची ताकद आणि इथेच आपण अडकतो. कुत्र्याला एकदा काही झालं की दुसरी कंपनी त्याला ‘आधीपासूनचा आजार’ म्हणते आणि वगळते. म्हणजे सातव्या वर्षी हप्ता कितीही वाढला तरी कंपनी बदलायची सोय उरत नाही. सगळे जण पहिल्या वर्षाचा हप्ता बघून पॉलिसी निवडतात, आणि ती सोडता येत नाही तेव्हाचा हप्ता असतो आठव्या वर्षाचा. म्हणून पिल्लाचा भाव विचारताना त्याच जातीच्या नऊ वर्षांच्या कुत्र्याचाही भाव काढून बघा. जन्मतारीख बदलून टाकायची, दोन मिनिटांचं काम. बहिणीने फोनवर असतानाच ते केलं आणि थोडा वेळ तिकडून आवाजच आला नाही.

तेव्हा प्रश्न उरतो लाइफटाइम की बरणी, एवढाच.

दोघांचा हिशेब

खंड्याच्या विम्यापोटी आजवर साडेपाच हजारांच्या आसपास गेले. २०२० मध्ये बागेत चेंडूमागे धावताना त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. बिल ४,७०० पाउंड. त्यातले ११० आमचे, म्हणजे पॉलिसीत ज्याला ‘एक्सेस’ म्हणतात ते, बाकी कंपनीने थेट दवाखान्याला दिले. २०२३ पासून संधिवाताची महिन्याची इंजेक्शनं चालू आहेत. आठ वर्षं पूर्ण झाल्यावर आमच्या पॉलिसीत एक कलम जागं झालं: एक्सेसच्या वर प्रत्येक बिलाचे २० टक्केही आपणच भरायचे. एकूण धरून कंपनीकडून सहा हजारांच्या जवळपास परत आले. म्हणजे भरलं तेवढंच मिळालं म्हणा ना. पण त्या २०२० च्या दुपारी सर्जनने विचारलं तेव्हा आम्ही एकमेकांकडे न बघता ‘करा’ म्हणालो. विम्याने दिलं असेल तर हे दिलं.

आता बरणी. २०१८ च्या एप्रिलपासून महिना २५. डिसेंबर २०१९ मध्ये मी ब्लाउजला हूक लावत होते, सुई-दोरा खाली पडला आणि मनीने गिळला. रविवारची रात्र, इमर्जन्सीचा दवाखाना, ऑपरेशन, बिल १,९०० पाउंड. बरणीत तेव्हा ५०० होते. उरलेले चौदाशे क्रेडिट कार्डावर गेले आणि ते फेडायला उन्हाळा उजाडला. बरणीचं दुखणं हेच: ती भरायला वर्षं लागतात आणि सुई पडायला क्षण. त्यानंतर एकदा तिचे दात काढले. दातांचे उपचार बहुतेक पॉलिसींत अटींच्या जाळ्यात असतात, त्यामुळे तो खर्च विमा असता तरी बहुधा आमचाच होता. आज बरणीत तेराशेच्या आसपास आहेत आणि मुख्य म्हणजे ते आमचे आहेत. खंड्याच्या हप्त्यांतून असं काही शिल्लक राहत नाही.

दोन्हीकडून न सुटणारे खर्चही आहेत. लसी, पिसवांचं औषध, नसबंदी यांना विमा पैसे देत नाही. औषधांबाबत मात्र एक करा. लांब चालणारं औषध असेल तर व्हेटकडून लेखी प्रिस्क्रिप्शन मागून घ्या आणि ऑनलाइन फार्मसीत भाव बघा. प्रिस्क्रिप्शनचे वेगळे पैसे पडतात, तरी पुष्कळदा फरक डोळ्यांत भरतो. मागायला संकोच करू नका, तो आपला हक्क आहे.

बारीक अक्षरातलं

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या कुत्र्याचा क्लेम फेटाळला गेला, कारण तो सहा महिन्यांचा असताना व्हेटच्या नोंदीत एक ओळ होती: ‘कधीमधी मागचा पाय लंगडतो’. लस टोचताना मालकीणबाई सहज बोलून गेल्या होत्या. कंपनी क्लेमच्या वेळी संपूर्ण नोंदवही मागवते. व्हेटपासून काही लपवा असं मी म्हणत नाही, विमा त्या गप्पांच्या आधी घ्या असं म्हणते. ब्रीडरकडून, म्हणजे पिल्लं विकणाऱ्याकडून, मिळणारा चार-पाच आठवड्यांचा फुकट विमा संपायच्या आतच. नव्या पॉलिसीत आजारपणाला साधारण पहिले चौदा दिवस वाट बघावी लागते, तोही खंड धरून ठेवा.

दुसरं, दोन बाजूंचं कलम. डावा गुडघा विमा घेण्याआधी गेला असेल तर उजवाही ‘आधीपासूनचा’ धरतात. डोळे, कान, कंबरेचे सांधे यांनाही हेच लागू होतं. आणि मोठ्या उपचाराआधी कंपनीकडून मंजुरी घ्या, दवाखाना थेट क्लेम करतो का ते विचारा. करत नसेल तर विमा असूनही चार हजार आधी तुमच्याच कार्डावरून जाणार. क्लेम अन्यायाने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे. तिथे फी लागत नाही.

कुत्रा पाळणाऱ्यांनी बरणीवर अवलंबून राहायचं ठरवलं तरी एक भोक बुजवावंच लागतं. कुत्रा रस्त्यात धावला आणि सायकलवाला पडला, तर १९७१ च्या ॲनिमल्स ॲक्टखाली भरपाई मालकाच्या गळ्यात येऊ शकते. व्हेटचं बिल पाच हजारांचं असेल, माणसाच्या दुखापतीचं किती होईल सांगता येत नाही. फक्त एवढ्यापुरता थर्ड पार्टी विमा वेगळा मिळतो. मांजरवाल्यांना ही काळजी नाही. मनी कुणाच्या बागेत काय उद्योग करते ते ती आणि तो शेजारी बघून घेतात.

मग कुणी काय करावं

पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जाती असतील तर हप्ता अंगावर येतो, आणि श्वासाच्या ऑपरेशनची शक्यताही खरी असते. तिथे लाइफटाइमच. लॅब्रेडॉर, कॉकर, जर्मन शेफर्ड यांनाही मी तेच सांगेन, पण वर्षाला पंधरा हजारांची मर्यादा घेऊ नका, सहा-सात हजारांची पुरते. एक्सेस थोडा जास्त ठेवा, हप्ता उतरतो. संकरित, धडधाकट कुत्रा आणि बँकेत कधीही काढता येतील असे पाच हजार पडून असतील तर बरणी चालेल. पण ते पाच हजार आज हवेत, ‘साठवू हळूहळू’ नव्हे. घरातल्या घरात राहणाऱ्या मांजरीला बरणी पुरते असं मी अजूनही मानते, फक्त सुरुवात हजार-पंधराशेंनी करा. सुई-दोरा उचलून ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याचा विमा आज नव्याने काढण्यात मला अर्थ दिसत नाही. ज्याच्यासाठी हवा तोच आजार वगळलेला असतो. पैशांची खरंच ओढाताण असेल आणि सरकारी भत्ता मिळत असेल तर पीडीएसएकडे चौकशी करा. १९१७ पासून ही संस्था गरिबांच्या जनावरांवर फुकट किंवा कमी पैशांत उपचार करते.

पुण्याहून आई विचारते, ‘आपल्याकडे मिळतो का गं असला विमा?’ मिळतो. सरकारी कंपन्यांचा जुना श्वान विमा गुराढोरांच्या विम्याच्या वळणाचा आहे, कुत्रं मेलं तर किंमत देणारा. उपचारांचा खर्च देणाऱ्या खासगी पॉलिसी २०२० नंतर आल्या. त्या घेताना वयाची अट आधी बघा, कारण मोठ्या जातींना तिथे दार लवकर बंद होतं.

बहिणीने शेवटी सात हजारांची लाइफटाइम घेतली, महिना ३१ पाउंडांना. आमच्याकडे ९१ चा हप्ता भरतोय आणि मनीचे २५ आता ४० केलेत.