विकिमेनियाला प्रत्यक्ष जायचं, घरून बघायचं, की भारतातल्या परिषदेसाठी थांबायचं?

गेल्या महिन्याभरात बडोद्यातल्या तिघांनी मला हेच विचारलं, दोघं मराठी विकिपीडियावर लिहिणारे आणि एक विकिस्रोतावर जुनी पुस्तकं चढवणारी मुलगी, की ताई, विकिमेनियाला जावं का? प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. विकिमेनिया म्हणजे विकिपीडिया, विकिस्रोत, कॉमन्स (विकिचा मुक्त फोटोंचा साठा) वगैरेवर विनामोबदला काम करणाऱ्या जगभरच्या लोकांचं वार्षिक संमेलन, २००५ ला फ्रँकफर्टला सुरू झालं, अलीकडे २०२३ ला सिंगापूर, २०२४ ला पोलंडमधलं कातोवित्से, २०२५ ला नैरोबी, आणि २०२६ साठी पॅरिस ठरलं. मी सिंगापूरला गेले होते, कातोवित्से आणि नैरोबी घरून बघितलं, हैदराबादला झालेली भारतातल्या विकिवाल्यांची परिषदही केली, त्यामुळे तिन्हीबद्दल अनुभवाने बोलते आहे.

घरून बघण्यापासून सुरू करते, कारण पहिल्या वर्षी बहुतेकांनी हेच करावं असं मला मनापासून वाटतं. ऑनलाइन नोंदणीला पैसे लागत नाहीत, बऱ्याच सत्रांचं रेकॉर्डिंग नंतर बघायला मिळतं, आणि वेळही आपल्याला फावणारी असते. कातोवित्सेत सकाळचे ९ म्हणजे इथे दुपारचे साडेबारा, पॅरिसचा हिशोबही तोच, नैरोबीत ९ म्हणजे इथे साडेअकरा, म्हणजे स्वयंपाक आटपून, डबे भरून निवांत बसता येतं. सिंगापूर मात्र आपल्यापुढे अडीच तास, तिथे १० वाजता सत्र सुरू म्हणजे इथे साडेसात. सत्रं बहुतेक इंग्रजीत असतात, आणि ज्यांना भरभर इंग्रजी ऐकून कळायला जड जातं त्यांना तर रेकॉर्डिंग थांबवून थांबवून बघणं प्रत्यक्ष हॉलमध्ये बसण्यापेक्षा जास्त उपयोगाचं, हे मी अगदी खात्रीने सांगते.

पण घरून बघताना आपण घरातच असतो. बेल वाजते, सासूबाईंच्या औषधाची वेळ होते, आणि सत्र संपलं की स्क्रीन बंद, बोलणाऱ्याला बाजूला घेऊन माझं असं असं अडलंय म्हणून दाखवायची सोयच नाही. मला प्रत्यक्ष जाण्यातला सगळ्यात मोठा फरक हाच वाटतो, म्हणून सिंगापूरची एक गोष्ट जरा सविस्तर सांगते.

बडोद्यात छापलेलं एक जुनं मराठी पुस्तक मी विकिस्रोतावर घेत होते. आपल्याकडे लेखक जाऊन ६० वर्षं उलटली की पुस्तक कॉपीराइटमधून मुक्त होतं, आणि या शहरात तर सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन साहेबांना आणून ग्रंथालयांचं जाळं विणलं, त्यामुळे अशी पुस्तकं अजून कितीतरी आहेत. तर या पुस्तकाच्या पानावर दोन रकाने, डावीकडे श्लोक, उजवीकडे मराठी अर्थ, आणि ओसीआर, म्हणजे पानाच्या फोटोवरून मजकूर टाइप करून देणारी सोय, वापरायला गेलं की ते सरळ आडवं वाचत जायचं, अर्धा श्लोक मग अर्धा अर्थ मग पुन्हा अर्धा श्लोक, सगळा काला. सहा महिने मी एकेक ओळ हाताने वेगळी करत होते, रोज एखादं पान व्हायचं. सिंगापूरला दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी टेबलावर मी भाकरवडीचा डबा उघडला, शेजारी बंगाली विकिस्रोतावर काम करणारे एक गृहस्थ, मी त्यांना दादाच म्हणत होते, त्यांनी सहज विचारलं की सध्या काय चालू आहे, मी लॅपटॉपवर ते पान दाखवलं. त्यांनी ओसीआरच्या खिडकीत पानाच्या डाव्या रकान्याभोवती माऊसने चौकट आखली, तेवढाच भाग वाचायला दिला, मग उजवीकडे तसंच. झालं. दहा मिनिटंही लागली नाहीत. ती सोय आधीपासून होतीच, पण ती आहे हे मला माहीत नव्हतं आणि जे माहीतच नाही ते चावडीवर, म्हणजे विकिवरच्या चर्चेच्या पानावर, तरी कसं विचारणार? परत आल्यावर उरलेलं पुस्तक दोन महिन्यांत पुरं झालं.

म्हणून माझं मत असं की हातात एखादी न सुटलेली गाठ असेल तर प्रत्यक्ष जाण्याचं सार्थक होतं. नुसती भाषणं ऐकायला जायचं असेल तर ती घरी येतातच.

आता खर्च. बडोद्याहून जायचं तर आधी अहमदाबाद किंवा मुंबई गाठायची, आणि पॅरिससारख्या ठिकाणी स्वतःच्या पैशाने जायचं तर तिकीट, चार-पाच रात्री राहणं, व्हिसा, विमा धरून दीड-पावणेदोन लाखाच्या आत बसवणं कठीण. फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो झाली, प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा लागतो, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो लवकरात लवकर करा. आमच्यातल्या एकीने परत न होणारं तिकीट आधी काढलं आणि व्हिसा नाकारला गेला, सगळे पैसे बुडाले, अजून ती त्या विषयावर बोलत नाही. देशागणिक अटीही बदलतात. नैरोबीला जाणाऱ्यांना पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागत होती आणि ती ठरावीक केंद्रांवरच मिळते.

विकिमेनियाची स्कॉलरशिप मिळाली तर प्रवास, राहणं, नोंदणी हे सगळं त्यात येतं, खोली बहुधा कुणाबरोबर तरी वाटून घ्यावी लागते. मात्र अर्ज संमेलनाच्या कितीतरी महिने आधीच बंद होतात, कित्येकजण उन्हाळ्यात जागे होतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. अर्जात तुम्ही काय काम केलंय आणि परत येऊन आपल्या लोकांसाठी काय करणार हे विचारतात, तिथे 'मला शिकायला आवडेल' एवढंच लिहून भागत नाही, अमुक पुस्तकं, अमुक लेख, अमुक कार्यशाळा असं ठोस लिहायला लागतं.

भारतातल्या परिषदेबद्दल थोडक्यात सांगते. विकिकॉन्फरन्स इंडिया २०११ ला मुंबईला झाली, २०१६ ला चंदीगडला आणि मग थेट २०२३ च्या एप्रिलमध्ये हैदराबादला, म्हणजे मध्ये पाच वर्षं आणि सात वर्षं, तिच्या भरवशावर थांबून राहण्यात अर्थ नाही. पण झाली तर सोडू नका. व्हिसाची कटकट नाही, आणि तेलुगू, कन्नड, ओडिया, बंगाली सगळ्यांची दुखणी आपल्यासारखीच असतात, जोडाक्षरं फुटतात, संदर्भाला छापील पुस्तक आहे पण ऑनलाइन काहीच नाही, तरुण मुलं दोन महिने लिहितात आणि गायब होतात. शिवाय आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी, बडोद्यात बसून मराठी विकिपीडियावर लिहिताना कधीकधी फार एकटं वाटतं, हैदराबादला मराठीत लिहिणारे लोक समोर बसून गप्पा मारत होते तेव्हा मला अक्षरशः भरून आलं होतं.

त्या तिघांना स्पष्टच सांगते. ज्याला लिहायला लागून वर्षही झालं नाही त्याने घरून बघावं, तीन-चार सत्रं निवडून, वही घेऊन. दुसरा चार वर्षं नियमित लिहितोय पण नोकरी नवीन आहे, त्याने स्कॉलरशिपचा अर्ज करावा, मिळाली तर जावं, नाही मिळाली तर कर्ज काढून जाऊ नये. तेवढ्या पैशात एक चांगला स्कॅनर येतो आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांमधली वाळवी लागायला आलेली किती पुस्तकं वाचतील, याचा त्याने विचार करावा. आणि विकिस्रोतवाली मुलगी, तिने नक्की अर्ज करावा, तिच्याकडे मोडी कागदपत्रांचं काम अर्धवट अडलेलं आहे आणि ती गाठ इथे आमच्यापैकी कुणालाच सुटत नाहीये.

पॅरिसला जाणाऱ्यांना आणखी एक, तिथल्या नव्या इमारतींचे फोटो कॉमन्सवर चढवायला जाऊ नका, इमारतीवर वास्तुविशारदाचा कॉपीराइट असतो, फ्रान्सच्या कायद्यात त्याला मोकळीक नाही आणि चढवलेले फोटो काढून टाकले जातात, वास्तुविशारद जाऊन ७० वर्षं झालेल्या जुन्या इमारतींचे खुशाल काढा. स्कॉलरशिपच्या अर्जाचा मसुदा दाखवायचा असेल तर रविवारच्या बैठकीला लॅपटॉप घेऊन या, माझा जुना अर्ज मी बरोबर आणते.