एकवीस हजारांची रेझोनेटर आणि तिच्यावरचे पुढचे दहा हजार

ब्रँडचं नाव लिहीत नाही. या किमतीतल्या बऱ्याच रेझोनेटर गिटार (आत आवाज वाढवणारी धातूची शंकूसारखी वाटी असलेल्या) आतून सारख्याच निघतात, स्टिकर तेवढं वेगळं. माझी लाकडी बॉडीची, गोल मानेची, स्पायडर ब्रिजची आहे, ऑनलाइन एकवीस हजारांना पडली. नाशिकमध्ये मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत विचारत फिरले, पण वाजवून बघायला एकही मिळाली नाही. त्यामुळे फोटो बघूनच घ्यावी लागते.

वापर काय, ते आधी सांगते. वडील हवाईयन गिटार वाजवायचे, मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातात पोलादी बार धरून. मीही तशीच वाजवते. पंचवटीत आमचं भजनी मंडळ आहे. एकादशीला पेटी, पखवाज आणि दहा-बारा जणांचे टाळ, त्यात साधी गिटार कोणाला ऐकूच जात नाही. माईक लावला की स्पीकरमधून शिट्ट्या सुरू.

रेझोनेटर मुळात याच तक्रारीवरचा इलाज आहे. इलेक्ट्रिक गिटार यायच्या आधी बँडच्या गोंगाटात गिटार वर यावी म्हणून लॉस एंजेलिसमध्ये जॉन डोपेरा यांनी ब्रिजखाली, म्हणजे तारा टेकतात त्या भागाखाली, अॅल्युमिनियमचे पातळ कोन (शंकूसारख्या वाट्या) बसवले. १९२७ मध्ये नॅशनल कंपनी निघाली, तिची पहिली गिटार तीन कोनांची. पुढच्या वर्षी डोपेरांनी भावांसोबत डोब्रो नावाची गिटार काढली. तिच्यात एकच मोठा कोन, खोलगट बाजू वर, आणि त्याच्या काठावर टेकलेला आठ पायांचा स्पायडर, म्हणजे ब्रिज पेलणारी कोळ्यासारखी चौकट. माझी स्वस्तातली गिटार त्याच डोब्रोच्या घराण्यातली. बॉडी प्लायची आहे म्हणून नाक मुरडू नका, जुन्या डोब्रोही प्लायच्याच असायच्या. इथे आवाज कोन काढतो.

आणि स्वस्त गिटारीत नेमका कोनच वाईट असतो. खोक्यातून काढून वाजवली तेव्हा आवाज मोठा होता, पण पत्र्याचा. शिवाय मंद्रातल्या दोन तारा छेडल्या की आतून झर्रर्र.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, त्यामुळे असं काही वाजलं की हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. तारा सैल केल्या, झाकण उघडलं. कोन ज्या लाकडी कड्यावर बसतो त्या कड्यावर वॉर्निशचे थेंब सुकून खडे झाले होते. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातलं तर एका बाजूला कोनाखाली अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फट. कोन सगळीकडून टेकला नाही तर तो थरथरणार आणि खडखडणारच. बारीक पॉलिश पेपरने कडा साफ केला. मग स्पायडरच्या पायांना ब्लू (ठसे बघायचा निळा रंग) लावून तो कोनावर ठेवला आणि उचलला. आठपैकी पाचच पायांचे ठसे उमटले. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट प्लेटवर, एमरी पेपर ठेवून त्यावर स्पायडर हलक्या हाताने घासला, आठही ठसे येईपर्यंत. घरी सरफेस प्लेट नसेल तर जाड काच चालते. या कामाला पैसे जवळपास शून्य लागले आणि खरखर पूर्ण गेली. ही गिटार घेणाऱ्याने दुसरं काही करू नये, पण एवढं करावंच.

पत्र्याचा आवाज मात्र तसाच राहिला. जुना कोन जाड आणि प्रेसमध्ये ठोकलेला होता. चांगला कोन लेथवर हाताने स्पिन करतात, म्हणजे फिरता पत्रा साच्यावर दाबत ओढतात. आपल्याकडे भांडी स्पिनिंगवर ओढतात तेच तंत्र, पत्रा फक्त फार पातळ. साहजिकच सातपूरच्या एका स्पिनिंगवाल्यांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, ओढून देतो, पण एका नगासाठी फर्मा करायचा तर तुम्हाला परवडणार नाही." खरं बोलले. मग अमेरिकेहून मागवला, शिपिंग आणि कस्टम धरून साडेपाच हजार. मागवण्याआधी माप घ्या: स्पायडरवाल्या गिटारीचा कोन साधारण साडेदहा इंची असतो, बिस्किट ब्रिजवाल्या (स्पायडरऐवजी कोनाच्या टोकावर लाकडी चकती असलेल्या) गिटारीचा साडेनऊ, आणि दोन्हींचा आकारही उलटा. एक दुसऱ्यात बसत नाही.

नवा कोन बसवला त्या संध्याकाळी आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "दुसरी आणलीस का गं?" यापेक्षा नेमका रिव्ह्यू मला लिहिता येणार नाही. खर्जाला भरीवपणा आला आणि तार छेडल्यावरचा तो कचकन टोचणारा आवाज निघून गेला. मधला स्क्रू, जो स्पायडरला कोनाशी धरून ठेवतो, तो मात्र आवळत बसू नका. जेमतेम पकड आली की थांबायचं, नाहीतर कोन गुदमरतो.

बाकीचं भराभर. स्पायडरवर तारा जिच्यावर टेकतात ती प्लॅस्टिकची घोडी काढून मेपलची लावली. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी ती व्हायोलिनच्या कोऱ्या घोडीतून कापून दिली. सहाशे रुपये आणि दोन कप चहा. तारा मांडीवर वाजवण्याइतक्या उंच करायला नटवर (मानेच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) बसणारी पोलादी पट्टी, पाचशे. रेझोनेटर गिटारीच्या जाड तारांचा सेट, चौदाशे. खाच असलेला जड बार, अडीच हजार. हा खर्च वाचवू नका, हलका बार तारेवर नाचतो. ट्यूनिंगच्या खुंट्या बदला असं सगळे सांगतात. मी बदलल्या नाहीत, थोडं ग्रीस लावलं, स्वर धरून ठेवतात.

एक सावधगिरी. डोब्रो वाजवणारे सर्रास जे उंच स्वरांचं 'जी' ट्यूनिंग लावतात, ते जाड, चौकोनी मानेच्या गिटारीसाठी आहे. जाड तारांनिशी ते गोल मानेवर लावलं तर मान वाकायची भीती. मी ओपन डी लावते. खालून वर सा प सा ग प सा. अभंगांना उत्तम. भीमपलास असेल तर गंधाराची तार अर्धा स्वर चढवून मध्यमावर नेते.

आता उणी बाजू, आणि ती दहा हजारांनी भरून निघत नाही. कोन आवाज झटकन बाहेर फेकतो आणि तितक्याच झटकन संपवतो. द्रुत लयीत, टाळ-पखवाजाच्या गजरात हे वरदानच. पण सावकाश आलाप घ्या, पंचमावरून गंधारापर्यंत लांब मींड काढा, अर्ध्या वाटेत आवाज सरलेला असतो. ब्रिजभूषण काब्रांनी हवाईयन गिटारवर रागसंगीत आणलं, विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफेच्या (आपोआप निनादणाऱ्या) तारा जोडून मोहनवीणा केली, त्या दोघांच्या वाद्यांत कोन नाही, हे मला आता पटतं. रागदारीच करायची असेल तर हे पैसे चांगल्या हवाईयन गिटारीत घाला.

पावसाळ्यात झाकणाचे स्क्रू सैल होतात आणि खरखर परत येते. तेव्हा आधी टेलपीस (तारांची खालची टोकं धरणारा भाग) झाकणाला टेकतोय का ते बघा, खाली फेल्टचा तुकडा सरकवा, मगच स्क्रूंना हात लावा. भोकं लाकडात आहेत, जोर केला की आटे जातात. गेले तर टूथपिक आणि फेविकॉल.

पिकअप (गिटारचा आवाज स्पीकरला पोचवणारा भाग) बसवा म्हणून मंडळातली पोरं मागे लागली आहेत. मी नाही म्हटलंय. पखवाजाच्या शेजारी बसून ती विनामाईक मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाते, आणि घेतली होती ती एवढ्याचसाठी.