गेट आमचं, रिमोट आमचा, कोड मात्र सगळ्या तालुक्याचा

मागच्या महिन्यात शेजारच्या गावी एका साखरपुड्याला गेलो होतो. यजमान माझे जुने स्नेही, संत्र्याचे बागाईतदार. जेवणं आटोपून अंगणात बसलो, मांडीवर नातू. त्यानं माझ्या खिशातून आमच्या घरच्या गेटचा रिमोट काढला आणि बटन दाबलं. समोरचं त्यांचं सरकतं गेट घरघर करत उघडायला लागलं. यजमानांना वाटलं, घरातल्याच कोणीतरी उघडलं असेल. मी रिमोट हातात घेऊन पुन्हा दाबला, गेट थांबलं. परत दाबला, बंद झालं. माझ्या हातापायातलं बळच गेलं. कारण आमचं गेट बसवणारा माणूसच मी त्यांच्याकडे पाठवला होता.

आमचं गाव वरूड तालुक्यात. घर, गोठा, बगीचा सगळं एकाच कंपाउंडात आणि समोर चौदा फुटी लोखंडी गेट. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तिला ते गेट ढकलणं जमेना. तोडीच्या दिवसांत तर संत्र्याच्या गाड्या सारख्या आत-बाहेर. म्हणून गेल्या दसऱ्याला ऑटोमॅटिक करून घ्यायचं ठरवलं. एका ओळखीच्या माणसानं नंबर दिला. माणूस बोलायला गोड, काकाजी काकाजी करणारा. म्हणाला, "काकाजी, हा रोलिंग कोडवाला माल आहे. याची नक्कल होतच नाही." मोटर, दातेरी पट्टी, चार रिमोट मिळून ६२ हजार. ४० हजार रोख घेतले, बाकीचे फोनपेवर. बिल म्हणून वहीतलं फाडलेलं पान दिलं. जाताना मोटरच्या डब्याच्या झाकणाला चारी बाजूंनी सिलिकॉन मारलं आणि बजावलं, "डब्बा उघडला तं वॉरंटी गेली समजा."

पहिला झटका तोडीतच बसला. गाडी भरून तयार, लाइन गेली, गेट बंद. असं झालं तर मोटर मोकळी करून गेट हातानं ढकलता यावं, यासाठी प्रत्येक मोटरला एक किल्ली असते. ती मोटरच्या खोक्यातच येते, वेगळी विकत घ्यायची नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ड्रायव्हर दोन तास बोंबलत बसला. दुसऱ्या दिवशी त्या माणसानं किल्ली आणून दिली आणि ८०० रुपये घेतले. मी दिले, वरून चहाही पाजला.

पाच महिन्यांनी आईचा रिमोट बंद पडला. तो म्हणाला, कोड संपला, कंपनीच्या सर्व्हरवरून नवा भरावा लागते. रिमोट घेऊन तो आपल्या मोटरसायकलकडे गेला, आमच्याकडे पाठ करून काहीतरी केलं, रिमोट सुरू करून दिला. १,२०० रुपये. मग म्हणाला, दर वेळी एवढे देण्यापेक्षा वर्षाचा मेंटेनन्स करून घ्या, ६ हजार. तोही केला. पुढे पावसाळ्यात रिमोट फाटकाला चिकटून धरल्याशिवाय चालेना, तर रेंज वाढवायचा बूस्टर सुचवला, साडेतीन हजारांचा. तेवढा मात्र घेतला नाही, कारण त्याच आठवड्यात तो साखरपुडा झाला.

घरी आल्यावर रात्रभर झोप लागली नाही. सकाळी गावातल्या आयटीआय झालेल्या पोराला बोलावलं. मोटर वाइंडिंगची कामं करतो, हात साफ आहे. मेन स्विच बंद करून त्यानं पेचकसानं सिलिकॉन सोललं, झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं. आत मुंग्यांची माती, एक वाळलेली पाल, आणि बोर्डाच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं काळं बटन. पाल काढून, माती झाडून त्यानं स्विच लावला. "काका, हे पाहा ना. थे कोड-बीड काही कंपनीकडून येत नाही. हे दाबा, लाइट लागला का रिमोट दाबा. झालं." लाल लाइट लागला, त्यानं रिमोट दाबला, लाइट दोनदा लुकलुकला. एवढंच काम. मग आईचा रिमोट उघडला. आत करंगळीच्या पेराएवढी बारा व्होल्टची बॅटरी. वरूडात ४० रुपयांना मिळाली. आमचे १,२०० रुपये याच बॅटरीचे होते.

रेंजचं कारण तर अजून साधं निघालं. बोर्डाला एरियल म्हणून एक बारीक वायर असते. हे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात, त्या लहरीची लांबी ६९ सेंटिमीटरच्या आसपास आणि एरियल तिच्या पाव लांबीचं, म्हणजे साधारण १७ सेंटिमीटर लागतं, तेही सरळ. आमच्या डब्यात ती वायर गुंडाळी करून मोटरच्या लोखंडामागे कोंबलेली होती. पोरानं ती सरळ करून बाहेर काढली, तर गोठ्यापासून गेट उघडलं. बूस्टर कशाला पाहिजे होता?

आता मुख्य गोष्ट, जी प्रत्येक गेटवाल्यानं समजून घ्यायलाच हवी. साध्या, ठरलेल्या कोडच्या रिमोटमधून दर वेळी तोच आकडा जातो. बाजारात कॉपी रिमोट मिळतात, ते मूळ रिमोटजवळ धरले की दोन सेकंदांत तो आकडा उचलतात. रोलिंग कोडमध्ये प्रत्येक दाबाला आकडा बदलतो आणि एकदा वापरलेला आकडा बोर्ड पुन्हा घेत नाही, म्हणून तो असा साध्या कॉपी रिमोटनं उचलता येत नाही. आमच्या पोरानं दीडशे रुपयांचा कॉपी रिमोट आणला आणि आमच्याच रिमोटची नक्कल करून आमचं गेट उघडून दाखवलं. रोलिंग कोड म्हणून घेतलेले पैसे तिथंच उघडे पडले.

आणि त्या माणसानं काय केलं होतं? स्वतःच्या खिशात एक रिमोट ठेवायचा आणि त्याच्याच नकला करून प्रत्येक गिऱ्हाइकाला चार-चार द्यायच्या. त्याला सोयीचं, कुठंही गेला तरी एकाच रिमोटनं काम. त्यामुळे माझा, स्नेह्यांचा आणि मीच पाठवलेल्या आणखी एका घरचा कोड एकच. तिघं एकत्र येऊन आम्ही तिन्ही गेटांवर तिन्ही रिमोट लावून पाहिले. सगळ्यांनी सगळी उघडली. ज्या घरात बायका-पोरं एकटी झोपतात, त्या घरांच्या किल्ल्या आम्ही एकमेकांच्या आणि त्याच्या खिशात ठेवून वर्षभर फिरत होतो. पावसाळ्यात दोनदा सकाळी गेट उघडं सापडलं होतं, तेव्हा आम्ही गड्यावर चिडलो होतो. तो बिचारा शपथा घेत होता. त्याची मी माफी मागितली आहे.

तेच काळं बटन दहा सेकंद दाबून धरलं की आमच्या बोर्डातले सगळे रिमोट पुसले जातात. पण आमच्या बाबतीत त्यानं भागत नव्हतं, कारण जुने रिमोट पुन्हा शिकवले तर कोड तोच परत येणार. म्हणून जुने सगळे पुसून, रोलिंग कोडचा वेगळा रिसीव्हर त्याच मोटरला जोडून घेतला, दोन रिमोटसकट १,८०० रुपयांत. वायरच्या भोकाला पुट्टी भरली, म्हणजे पाल-मुंग्या शिरणार नाहीत. रुळातली माती आता गडी आठवड्याला झाडतो. विजा कडाडायला लागल्या की गेटचा स्विच बंद करतो. सहा हजारांच्या मेंटेनन्समध्ये यातलं एकही काम झालं नव्हतं.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. पक्कं बिल नसलं तरी फोनपेच्या नोंदी आणि त्याचे व्हॉट्सअॅपवरचे मेसेज आहेत. "रोलिंग कोड, कंपनी माल" हे त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं आहे. आम्ही तिघं मिळून अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. जुने चारही रिमोट बॅटऱ्या काढून पाकिटात घातलेत, तेही सोबत नेऊ.

त्यानं वरूड-मोर्शी भागात आणखी गेटं बसवली आहेत, हे तो स्वतःच सांगायचा. तुमच्या मोटरच्या डब्याला सिलिकॉन मारलेलं असेल, कोड भरायचे पैसे कोणी घेत असेल, तर आज संध्याकाळी त्याच माणसाकडून गेट बसवलेल्या शेजाऱ्याच्या दारात जा आणि त्याच्या देखत आपला रिमोट दाबून पाहा.