साधे मॉडेल घेऊन अकरा महिने झाले: सगळा हिशेब एका पोर्टपाशी येऊन थांबला

गेल्या महिन्यात एका सकाळी फोन चार्जिंगला लावला आणि पडद्यावर विजेची खूण उमटलीच नाही. केबल बदलली, चार्जर बदलला, फोन बंद करून पुन्हा सुरू केला. काही उपयोग झाला नाही. बॅटरी १९ टक्के उरली होती आणि फोनमध्ये वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दोन बैठकांचे चित्रीकरण अजून लॅपटॉपवर उतरवायचे होते, सुमारे ४६ जीबी. त्या तासाभरात मला जे समजले, ते खरेदीच्या वेळी कोणत्याही तुलनेत वाचायला मिळाले नव्हते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

अकरा महिन्यांपूर्वी एकाच आठवड्यात आमच्या घरात एकाच मालिकेतले दोन फोन आले. धाकट्या भावाने मोठे मॉडेल, म्हणजे ज्याला फ्लॅगशिप म्हणतात ते, घेतले आणि मी त्याचे स्वस्त भावंड घेतले. माझ्या फोनमध्ये काय वेगळे किंवा कमी होते, ते आधी सांगते. माझ्या फोनला आदल्या वर्षीची चिप, दूरचे टिपणारी लेन्स नाही, पाठ काचेऐवजी प्लास्टिकची, बिनतारी चार्जिंग नाही, आणि टाइप-सी पोर्ट, म्हणजे चार्जिंगची आणि डेटाची केबल लावायचे भोक, यूएसबी २.० या जुन्या मानकाच्या वेगाचे. या यादीतल्या शेवटच्या दोन गोष्टींकडे मी खरेदीच्या वेळी लक्षच दिले नाही. दोन्ही किमतींतल्या फरकात माझ्या आधीच्या फोनसारखा आणखी एक फोन सहज आला असता, आणि गरज नसलेल्या गोष्टीवर पैसे घालवणे मला पटत नाही. तो निर्णय त्या वेळी मला पूर्ण योग्य वाटत होता.

माझा वापर थोडा वेगळा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. वडील आयुष्यभर घड्याळे दुरुस्त करत आले. आता त्यांची नजर मंदावत चालली आहे, म्हणून त्यांचे काम आणि त्यामागचे सांगणे दोन्ही मी आठवड्यातून एकदा तासभर चित्रित करून ठेवते. मनगटी घड्याळाचे बॅलन्स व्हील, म्हणजे पुढेमागे डोलून वेळ राखणारे चाक, बऱ्याच यंत्रांत सेकंदाला ८ ठोके देते. त्याची हालचाल स्पष्ट दिसावी म्हणून मी ४के दर्जात, सेकंदाला ६० फ्रेम्स घेते. त्यामुळे मिनिटाला सुमारे ४०० एमबी आणि एका बैठकीला २४ जीबी जागा लागते. फोनमध्ये मेमरी कार्डाची सोय नसल्याने प्रत्येक बैठकीनंतर हा सगळा ऐवज बाहेर काढावाच लागतो.

माझी कटकट इथूनच सुरू झाली. यूएसबी २.० हे मानक २००० सालचे. त्याचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे आठ बिटांचा एक बाइट धरून कागदावर ६० एमबी. त्यातला काही भाग दोन उपकरणांच्या आपसांतल्या संदेशांतच जातो आणि मला प्रत्यक्षात ३५ एमबीच्या आसपास वेग मिळत असे. एका बैठकीला साडेअकरा मिनिटे लागत. हा वेळ ऐकायला फार वाटत नाही, पण अर्ध्यावर केबल जराशी हलली की उतरवणे तुटे आणि ती फाइल पहिल्यापासून घ्यावी लागे. पहिल्या चार महिन्यांत असे इतक्या वेळा झाले की चित्रीकरण संपल्यावर ते उतरवायचा मला कंटाळा येऊ लागला आणि मी ते पुढच्या आठवड्यावर ढकलू लागले. हा कंटाळाच पुढे महागात पडणार होता.

टाइप-सी पोर्टविषयी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण दुकानात दोन्ही फोन शेजारी ठेवले तरी ती दिसत नाही. या पोर्टमध्ये २४ संपर्कबिंदू असतात. यूएसबी २.० ला डेटासाठी तारांची एकच जोडी पुरते. वाढीव वेगासाठी आणखी चार जोड्यांची तरतूद असते, आणि टीव्हीवर चित्र पाठवण्याची नेहमीची सोयही याच जोड्यांवरून चालते. स्वस्त मॉडेलमध्ये त्या जोड्या आत जोडलेल्याच नसतील, तर बाहेरून भोक हुबेहूब तेच दिसते. वेग मात्र वीस वर्षांपूर्वीचा राहतो आणि चित्रही बाहेर जात नाही. वडिलांना त्यांचे चित्रीकरण मोठ्या पडद्यावर दाखवावे म्हणून मी केबल जोडली, तेव्हा टीव्ही कोराच राहिला. भावाच्या फोनला तीच केबल लावताच चित्र आले. त्या संध्याकाळी, खरेदीनंतर पहिल्यांदाच, मी वाचवलेले पैसे चुकीच्या ठिकाणी वाचवले असे मला मनापासून वाटले.

सहाव्या महिन्यात माझे मत अर्धे बदलले. भावाचे पोर्ट सेकंदाला १० गिगाबिटचे, म्हणजे माझ्यापेक्षा कागदावर वीसपट वेगवान. मी त्याला त्याची एक २४ जीबीची फाइल माझ्यासमोर उतरवायला सांगितली. त्यालाही अकरा मिनिटेच लागली. आम्ही दोघेही गोंधळलो. नंतर लक्षात आले की त्याच्या खोक्यात आलेली केबलच यूएसबी २.० ची होती. ती चार्जिंगसाठी दिलेली असते आणि तिच्यात वेगाच्या तारा नसतात. ज्या वेगाचे पैसे त्याने मोजले होते, तो वेग त्याने सहा महिन्यांत एकदाही वापरला नव्हता आणि त्याला त्याची कल्पनाही नव्हती. योग्य केबल वेगळी विकत आणल्यावर तेच काम दीड मिनिटाच्या आत झाले. फरक खरा आहे, मोठा आहे, हे मी मान्य करते. परंतु इतका महाग फोन घेणाऱ्याला ती केबल पुन्हा स्वतःच्या पैशांनी आणावी लागावी, हे मला आजही खटकते.

आता त्या सकाळकडे येते. पोर्ट बंद पडले तेव्हा केबलने फाइल काढण्याचा प्रश्नच उरला नाही. नाइलाजाने मी घरच्या वाय-फायवरून फाइल पाठवून पाहिल्या. आमचा राउटर वाय-फाय ६ चा आहे आणि लॅपटॉप त्याला तारेने जोडलेला असतो. फोन राउटरशेजारी ठेवला आणि वेग बघून माझा विश्वास बसेना: सेकंदाला ७५ एमबी. संपूर्ण ४६ जीबी दहा-साडेदहा मिनिटांत उतरले आणि बॅटरी १४ टक्क्यांवर आली. ज्या तारेपायी मी दहा महिने चिडचिड केली, तिच्या दुप्पट वेग हवेतून मिळत होता. कारण सरळ आहे. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर, दोन अँटेना असलेल्या फोनचा राउटरशी जोडणीचा वेग सेकंदाला १२०० मेगाबिटपर्यंत जातो आणि त्यातले निम्मे जरी हाती आले, तरी ते यूएसबी २.० च्या कागदावरच्या कमाल वेगापेक्षा जास्त भरतात. वेगाविषयीची माझी तक्रार त्या सकाळी संपली.

तिच्या जागी दुसरी, अधिक गंभीर तक्रार आली. भावाच्या फोनचे पोर्ट बंद पडले असते तर त्याने तो चार्जिंगच्या तबकडीवर ठेवला असता आणि दुरुस्तीला सवडीने नेला असता. माझ्या फोनला वीज आत जाण्याचा तो एकच दरवाजा आहे. तो बंद झाला की बॅटरी संपेपर्यंतचाच काय तो वेळ हाती राहतो. वाय-फायचा मार्ग सुचला नसता किंवा ही गोष्ट रात्री घडून फोन सकाळपर्यंत बंद पडला असता, तर वडिलांच्या दोन बैठका त्या बंद डब्यात अडकल्या असत्या. दोन मॉडेलांची तुलना करताना बिनतारी चार्जिंगला सगळे चैनीची सोय म्हणतात, मीही तसेच म्हणत होते. तो पर्यायी दरवाजा आहे, असे आता माझे मत आहे.

सर्व्हिस सेंटरमधला अनुभव या मताला बळकटी देणारा ठरला. काउंटरवर फोन घेतला गेला, वीस मिनिटांनी परत आला आणि जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदपत्रावर, लिहिले होते, ‘पोर्ट निकामी, मुख्य बोर्ड बदलणे’. खर्चाचा अंदाज फोनच्या किमतीच्या जवळपास निम्मा होता. वॉरंटीत का बसत नाही असे विचारले, तर पोर्टवर बाहेरून दाब आल्याचे सांगण्यात आले. कोणती खूण पाहून हे ठरवले, याचे उत्तर मिळाले नाही. बोर्ड बदलला तर माझ्या डेटाचे काय, यावर तो जाईल एवढेच उत्तर होते, आणि ते खरे होते. फोनची साठवण बोर्डावरच बसवलेली असते आणि त्यातला मजकूर कूटबद्ध असतो, त्यामुळे जुना बोर्ड गेला की तो परत मिळवणे जवळजवळ अशक्य होते. मी नकार दिला, तपासणीचे शुल्क भरले, कारण लेखी मागितले आणि घरी आले.

वडिलांनी विचारले, काय झाले ते सेंटरवाल्यांनी आत पाहिले का? मी म्हणाले, माहीत नाही. त्यांनी फोन बंद करायला लावला, डोळ्याला भिंग लावले आणि दिव्याखाली पोर्ट धरले. नजर मंदावली असली तरी भिंगातून त्यांना अजून नीट दिसते. आत, अगदी तळाशी, खिशातल्या कापडाच्या तंतूंचा घट्ट दाबला गेलेला थर होता. केबल पूर्ण आत बसतच नव्हती. धातूचे काही वापरायचे नाही असे सांगून त्यांनी लाकडाची काडी तासून पातळ केली आणि पाच मिनिटांत राखाडी बोळा बाहेर काढला. केबल लावली, टक् असा आवाज झाला आणि विजेची खूण उमटली. मधल्या जिभेवरचे संपर्क त्यांनी दोनदा तपासले. एकही वाकलेला नव्हता.

शुल्क परत मिळवायला मला १७ दिवस आणि तीन पत्रे लागली. रक्कम लहान होती, पण ज्या तपासणीत भिंग लावून आत पाहिलेच गेले नाही, तिचे पैसे सोडून देणे मला मान्य नव्हते. शेवटी ते परत आले आणि जॉबशीटमधली नोंदही दुरुस्त झाली.

बाकीच्या मुद्द्यांवर थोडक्यात. पडद्याचा १२० हर्ट्झचा रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा ताजे होणे, पहिल्या दिवशी डोळ्यांत भरतो आणि नंतर विसरला जातो. प्लास्टिकची पाठ तीनदा टेबलावरून पडूनही शाबूत आहे. भावाची काचेची पाठ पहिल्याच पडण्यात तडकली. बिनतारी चार्जिंग धातूतून होत नाही, त्यामुळे ते हवे असेल तर पाठ काच किंवा प्लास्टिकसारखी, धातूची नसलेली लागते, आणि प्लास्टिकच्या पाठीखाली ती सोय देता आली असती, ही माझी कंपनीकडे रास्त मागणी आहे.

जुन्या चिपविषयी मात्र सावध राहा. २०१३ साली आयफोन ५एस आणि आयफोन ५सी एकाच दिवशी जाहीर झाले. ५सी मध्ये आदल्या वर्षीची ३२ बिटची चिप होती, ५एस मध्ये ६४ बिटची. २०१७ च्या आयओएस ११ ने, म्हणजे आयफोनच्या कार्यप्रणालीच्या त्या आवृत्तीने, ३२ बिटला रजा दिली आणि ५सी आयओएस १० वरच थांबला. ५एस ला २०१८ चे आयओएस १२ मिळाले आणि जानेवारी २०२३ मध्येही त्याच्यासाठी सुरक्षेची दुरुस्ती आली. खरेदीच्या दिवशी दोघांचे वय एकच होते, आयुष्य मात्र नव्हते. माझ्या फोनला भावाच्या फोनपेक्षा दोन वर्षे कमी अद्यतने मिळणार आहेत. किमतीला वर्षांनी भागले तरी माझा सौदा स्वस्तच ठरतो, हे मी कागदावर मांडून पाहिले आहे. पण फरक दिसतो तितका राहत नाही.

या सगळ्या प्रकारानंतर भावाने आपण होऊन फोन दोन आठवड्यांसाठी अदलाबदल करायला दिला. मला खात्री होती की मी तो परत देणार नाही. पहिल्याच बैठकीत अडचण आली. मोठ्या मॉडेलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा, म्हणून त्याची लेन्स फार जवळच्या वस्तूवर फोकस करू शकत नाही. घड्याळाजवळ नेले की फोन आपोआप रुंद कोनाच्या कॅमेऱ्यावर जातो, चित्र मध्येच उडी मारते आणि फोन इतका जवळ धरावा लागतो की त्याची सावली नेमकी केसासारख्या बारीक स्प्रिंगवर पडते. मागे सरून दूरच्या लेन्सने घेतले तर वडिलांची बोटे मध्ये येत. माझ्या फोनचा लहान सेन्सर त्या मानाने बराच जवळून, एकाच कॅमेऱ्यात, उडी न मारता टिपतो. दुसऱ्या आठवड्यात वडीलच म्हणाले, “तुझाच फोन आण. या फोनने माझा उजेड अडतो.”

आज निवड करायची झाली तर मी साधे मॉडेलच घेईन, मात्र दुप्पट साठवणीचे. आणि त्यात बिनतारी चार्जिंग असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसेही विनातक्रार मोजीन. मोठे मॉडेल घेणाऱ्याने त्याच दिवशी चांगली केबलही घ्यावी. आमच्याकडे पुढच्या बैठका पुन्हा माझ्याच फोनवर सुरू झाल्या आहेत. पोर्टला आता रबराचे बूच असते, महिन्यातून एकदा वडील भिंग लावून आत पाहतात, आणि चित्रीकरण लॅपटॉपवर उतरून झाल्याशिवाय फोन त्यांच्या टेबलावरून हलत नाही.