घरच्या स्टोरेजला कोरं सर्व्हर हार्डवेअर: काही महिने वापरल्यानंतर

सर्व्हरचा बोर्ड, ईसीसी रॅम (स्वतःतल्या चुका ओळखून दुरुस्त करणारी), नवा प्रोसेसर असं सगळं कोरं घेऊन घरी नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा फाइली ठेवायचा सर्व्हर, बांधावा का, असं विचारणारे बहुतेक जण खरं तर वेगाबद्दल विचारत असतात. वेगासाठी घेणार असाल तर घेऊ नका. सहा हार्ड डिस्कना दमवायला आजचा कुठलाही साधा डेस्कटॉप प्रोसेसर पुरतो. सर्व्हर हार्डवेअरचे जास्तीचे पैसे दुसऱ्याच गोष्टीत जातात: आत काय चाललंय ते हे यंत्र स्वतःहून सांगतं. रॅममध्ये चूक झाली, पंखा मंदावला, एसएमपीएसचा व्होल्टेज हलला, की कुठे ना कुठे नोंद होते. मला तेच हवं होतं आणि त्या बाबतीत मी समाधानी आहे. बाकी कुरबुरी भरपूर आहेत.

जुळणी अशी: एएमडी ईपिक 4004 मालिकेतला सहा कोरचा, 65 वॉटचा प्रोसेसर, बीएमसी (यंत्रावर लांबून लक्ष ठेवू देणारा छोटा संगणक) असलेला मायक्रो-एटीएक्स सर्व्हर बोर्ड, 32 जीबीच्या दोन डीडीआर5 ईसीसी पट्ट्या, डिस्क जोडायचं एक एचबीए कार्ड आणि 16 टीबीच्या सहा सीएमआर डिस्क (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेल्या). वर ट्रूनास ही नॅसची ऑपरेटिंग सिस्टीम आणि झेडएफएस या फाइल सिस्टीमचा रेडझेड-2 पूल, म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारा डिस्कचा गट. ही मालिका मे 2024 मध्ये आली. सॉकेट एएम5, म्हणजे डेस्कटॉप रायझनचाच, आणि आतली चिपही त्याच घराण्यातली. फरक आहे तो ईसीसीच्या अधिकृत पाठबळाचा आणि त्याभोवती निघालेल्या सर्व्हर बोर्डांचा. इंटेलकडे झिऑन ई-2400 होता, पण त्यात ग्राफिक्स नाही आणि पीसीआयई लेनही (कार्डं आणि एसएसडी जोडायच्या वाटा) कमी. एचबीए, 10 गिगाबिटचं कार्ड आणि दोन एनव्हीएमई एसएसडी एवढं बसवायचं म्हटलं की ईपिकच्या 28 लेन कामी येतात.

रॅम घेताना जपा. या प्रोसेसरना लागते ती ईसीसी यूडीआयएमएम, म्हणजे प्रोसेसरला थेट जोडली जाणारी पट्टी. वापरलेल्या मोठ्या सर्व्हरमधून निघून स्वस्तात मिळते ती बहुतेक आरडीआयएमएम (मध्ये रजिस्टर चिप असलेली) असते, आणि ती इथे चालत नाही. डीडीआर5 मध्ये तर दोन्हींची खाचच वेगळी, त्यामुळे बसतसुद्धा नाही. दुसरा गोंधळ ‘डीडीआर5 मध्ये ईसीसी असतंच की’ या वाक्याचा. असतं ते चिपच्या पोटातलं. चिप आपल्या आत घडलेली चूक स्वतः दुरुस्त करते आणि कुणाला कळवत नाही. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिट उलटला तर त्याला ते काहीच करू शकत नाही. खऱ्या ईसीसी पट्टीवर जास्तीच्या चिप असतात आणि तपासणी प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर करतो, म्हणून चूक झाली की ऑपरेटिंग सिस्टीमला कळतं. रासडेमन नावाची छोटी सेवा या नोंदी साठवते. माझ्याकडे त्यात एकच ओळ आहे, दुरुस्त झालेल्या एका बिटाची. पुन्हा काही आलं नाही, त्यामुळे पट्टी बदलली नाही. साध्या बोर्डावर ही ओळ दिसलीच नसती. बरेच डेस्कटॉप बोर्ड ईसीसी पट्टी घेतात खरे, पण ईसीसी चालू आहे की नाही याचा पत्ता लागू देत नाहीत.

पहिल्यांदा चालू करताना धीर धरा. डीडीआर5 पट्ट्या नव्या असल्या की बोर्ड त्यांचं ट्रेनिंग करतो, म्हणजे त्यांच्याशी वेळ जुळवून घेतो, आणि तोवर स्क्रीनवर काही येत नाही. चांगली काही मिनिटं. बोर्ड मेला असं समजून मध्येच बंद केलात तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. नंतरही प्रत्येक रीस्टार्टला हे यंत्र डेस्कटॉपपेक्षा कितीतरी सावकाश उठतं. कारण आधी बीएमसी, मग कार्डं, मग डिस्क अशी हजेरी लागते.

आता बीएमसी, कारण या सगळ्या खटाटोपाचा जीव त्यात आहे. बोर्डावरचा हा स्वतंत्र छोटा संगणक. माझ्या बोर्डावर एएसपीडचा एएसटी2600 आहे. मुख्य यंत्र बंद असलं तरी हा जागा असतो. ब्राउझर उघडायचा, यंत्राची स्क्रीन बघायची, बायोसमध्ये शिरायचं, इन्स्टॉलरची आयएसओ फाइल लांबूनच जोडायची. माझ्या नॅसला मी मॉनिटर आणि कीबोर्ड आजवर लावलेलाच नाही. तो माळ्याच्या कपाटात बसला आहे आणि अपडेट बिघडलं तरी मला वर चढावं लागत नाही. ही सोय एकदा अंगवळणी पडली की सोडवत नाही.

पण हाच बीएमसी पंख्यांच्या बाबतीत डोकं उठवतो. मी शांत, मोठे, सावकाश फिरणारे नॉक्टुआचे पंखे लावले. बीएमसीच्या नोंदीत पंख्याच्या फेऱ्यांची एक खालची मर्यादा असते, आणि ती सर्व्हरमधल्या सुसाट पंख्यांच्या हिशेबाने ठरवलेली. रात्री यंत्र थंड झालं की माझे पंखे त्या मर्यादेखाली जायचे. बीएमसी समजायचा, पंखा मेला! लगेच उरलेले सगळे पूर्ण वेगात. मग फेऱ्या वाढायच्या, बीएमसीला पंखा जिवंत झालेला दिसायचा, वेग उतरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. घूं... शांत... घूं... शांत, रात्रभर, दम्याच्या रोग्यासारखं. उपाय सोपा आहे, पण कुठल्या पुस्तिकेत ठळकपणे लिहिलेला नसतो. बीएमसीशी बोलणारा आयपीएमआयटूल हा प्रोग्रॅम घ्या, ‘सेन्सर थ्रेश’ या आज्ञेने त्या पंख्याच्या तिन्ही खालच्या मर्यादा उतरवा. पंखा सर्वात कमी वेगाला किती फेऱ्या घेतो ते बघून त्याच्याही बऱ्याच खाली. माझा बोर्ड बीएमसी रीसेट झाला की हे विसरतो, म्हणून तीच आज्ञा सुरुवातीलाच चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवली आहे. त्यानंतर पंख्यांनी तोंड उघडलेलं नाही.

सुरक्षेचंही आत्ताच सांगतो. बीएमसीशी बोलायचा नियमसंच, आयपीएमआय 2.0, त्याच्या रचनेतच खोट आहे. वापरकर्त्याचं नाव माहीत असलं की लॉगिन होण्याआधीच बीएमसी पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड शोधून काढता येतो असा सांकेतिक ठसा) विचारणाऱ्याच्या हाती देतो. 2013 पासून हे जगजाहीर आहे. तेव्हा बीएमसीचं तोंड इंटरनेटकडे कधीही उघडू नका. आणखी एक गोष्ट, बऱ्याच बोर्डांवर बीएमसीच्या स्वतंत्र पोर्टला केबल नसली तर तो गुपचूप मुख्य लॅन पोर्टावर जाऊन बसतो. सेटिंगमध्ये ‘फेलओव्हर’च्या जागी ‘डेडिकेटेड’ करा. आणि बोर्डावरच्या स्टिकरवर छापलेल्या पासवर्डचा फोटो कॅबिनेट बंद करण्याआधी काढून ठेवा.

डिस्क. सीएमआर घ्या, यावर वाद नको. 2020 मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डब्ल्यूडी रेड डिस्क एसएमआर निघाल्याचं बाहेर आलं तेव्हा बराच गदारोळ झाला होता. एसएमआर डिस्कवर ट्रॅक एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे सलग लिहीत राहिलं की वेग कोसळतो आणि पूल पुन्हा उभारताना जीव टांगणीला लागतो. जागेचा हिशेबही आधी करून ठेवा. सहा सोळा शहाण्णव, दुहेरी पॅरिटीपायी (बिघडलेल्या डिस्कचा डेटा परत उभा करायला लागणारी जादा माहिती) दोन डिस्क गेल्या की 64 टीबी, सिस्टीम मात्र 1024 च्या पटीत मोजते म्हणून दिसतात 58. पूल 80 टक्क्यांच्या वर भरायचा नाही हा नियम पाळला तर हाती उरतात 46. शहाण्णववरून शेचाळीस! आवाजाचं म्हणाल तर मोठ्या डिस्क रिकाम्या बसल्या असतानाही ठरावीक सेकंदांनी ‘टक्’ करतात. ते त्यांचं अंतर्गत देखभालीचं काम, बिघाड नव्हे. झोपायच्या खोलीत मात्र ठेवू नका.

वेग कसा आहे? मोठी फाइल 10 गिगाबिटवरून सेकंदाला 700–800 एमबीने जाते, कारण चार डिस्कवर डेटा वाटला जातो. साधं 1 गिगाबिट असेल तर 110–115 एमबीच्या पुढे काहीही घेतलंत तरी जाणार नाही, त्यामुळे बहुतेकांनी 10 गिगाबिटचा नाद सोडला तरी चालेल. हजारो छोट्या फाइलींचा फोल्डर टाकला की तोच पूल मुंगीच्या पावलांनी चालतो. रेडझेडच्या एका गटाला विखुरलेल्या वाचन-लेखनात साधारण एकाच डिस्कची चपळाई मिळते, आणि त्याला ईपिक असो की आणखी काही, इलाज नाही. 10 गिगाबिट घ्यायचंच असेल तर एसएफपी+ (मॉड्यूल खोचायचं पोर्ट) आणि डीएसी केबल (दोन्ही टोकांना मॉड्यूल लावूनच येणारी) घ्या. तांब्याच्या आरजे45 चे मॉड्यूल हात लावू नये इतके तापतात.

उष्णतेवरून एचबीए आठवलं. डेटा सेंटरमधल्या सततच्या झोताच्या भरवशावर ही कार्डं बनतात आणि त्यांच्यावर स्वतःचा पंखा नसतो. घरच्या शांत कॅबिनेटमध्ये ती भाजून निघतात, म्हणून समोर एक पंखा हवाच. फर्मवेअर आयटी मोडचं हवं, म्हणजे डिस्क थेट झेडएफएसच्या हाती येतात आणि कार्ड मध्ये नाक खुपसत नाही.

वीज खटकते. सहाही डिस्क फिरत असताना आणि काहीच काम नसताना सॉकेटपाशी मीटर 75 वॉट दाखवतो. दिवसाला 1.8 युनिट, वर्षाला 650 च्या वर. यातले तीसेक वॉट डिस्कचे, पाचेक बीएमसीचे, थोडे एचबीएचे. उरलेल्यात प्रोसेसरचा वाटा मोठा. त्याचे कोर आणि आयओ वेगवेगळ्या चिपवर आहेत, त्यामुळे रिकामा असतानाही तो पुरता झोपत नाही. एकाच चिपवर सगळं असलेला डेस्कटॉप इंटेल इथे सरळ जिंकतो. डिस्क निजवण्याचा खेळ मी खेळत नाही. रात्रंदिवस कुठली ना कुठली सेवा त्यांना उठवत राहते आणि सारखं उठ-बस करण्यापेक्षा फिरत राहिलेलं बरं. मात्र वापरलेला दोन प्रोसेसरांचा जुना सर्व्हर घ्यायचं मनात असेल तर तो आणखी वीज खाणार, वर त्याचे पंखे.

झेडएफएसबद्दल इतकं लिहिलं गेलंय की दोनच गोष्टी. एसएलओजी (लेखनाची तात्पुरती नोंदवही) आणि एल2एआरसी (वाचनाचा जादा कॅश) यांसाठी एसएसडी घेऊ नका. विंडोजच्या शेअरवरून फोटो-व्हिडिओ ठेवणाऱ्याला दोन्हींचा उपयोग शून्य, तेच पैसे रॅममध्ये घाला. आणि पूल मागाहून वाढवता येत नाही ही जुनी भीती आता गेली. जानेवारी 2025 मधल्या ओपनझेडएफएस 2.3 पासून रेडझेडच्या गटात एकेक डिस्क वाढवता येते. जुना डेटा मात्र पुन्हा लिहिला जाईपर्यंत आधीच्याच पॅरिटीच्या प्रमाणात राहतो, त्यामुळे जागा अपेक्षेपेक्षा कमी वाढलेली दिसते. स्नॅपशॉटचा (डेटा त्या-त्या वेळी होता तसा जपून ठेवण्याचा) अनुभव मात्र सांगायलाच हवा. घरातल्या कुणीतरी आख्खा फोल्डर उडवला आणि विंडोजच्या ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’मधून त्याने तो स्वतःच परत आणला. मला नंतर कळलं.

हार्डवेअर बोलतं म्हणजे काय, त्याचा एक नमुना. महिन्याच्या स्क्रबनंतर, म्हणजे सगळ्या डेटाच्या तपासणीनंतर, एका डिस्कच्या स्मार्ट तक्त्यात (डिस्कने ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदीत) 199 क्रमांकाचा आकडा, यूडीएमए सीआरसी एररचा, वर सरकलेला दिसला. पाचवा आणि 197 वा, म्हणजे खराब सेक्टरचे दोन्ही, शून्यावरच. 5 आणि 197 वाढले तर डिस्क आजारी, 199 एकटा वाढला तर बहुधा केबल. एचबीएपासून ट्रेपर्यंतची केबल बदलली आणि आकडा होता तिथे थांबला. तो कधी खाली येत नाही, तेव्हा शून्याची वाट बघू नका, वाढतोय का तेवढंच बघा. पूलमध्ये यातलं काहीही उमटलं नव्हतं.

दुहेरी पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे, हे वेगळं सांगायला नको. रोज रात्री झेडएफएस सेंडने जुन्या यंत्रावर प्रत जाते आणि महत्त्वाचं तेवढं एन्क्रिप्ट करून घराबाहेर. यूपीएस लावा आणि ‘नट’ या प्रोग्रॅमने जोडा, म्हणजे बॅटरी संपायच्या आत यंत्र नीट बंद होतं.

एक गोष्ट मात्र हे बोलकं यंत्र सांगत नाही: बिघडलेली डिस्क नेमकी कुठल्या खणात आहे. झेडएफएस डिस्कचं नाव देतं, त्यावरून सीरियल नंबर मिळतो, आणि तो छापलेला असतो डिस्कच्या अंगावर, ट्रे बाहेर ओढल्याशिवाय न दिसणाऱ्या बाजूला. सर्व्हरच्या बॅकप्लेनवर (डिस्क खोचायच्या पाटीवर) त्या खणाचा दिवा लुकलुकवता येतो, माझ्या कॅबिनेटमध्ये ती सोय नाही. म्हणून डिस्क बसवतानाच प्रत्येक ट्रेच्या तोंडाशी सीरियलचे शेवटचे चार आकडे लिहून चिकटवले आहेत. आधीच एक डिस्क गेलेली असताना धडधाकट असलेली ओढून काढली, तर दुहेरी पॅरिटीतली दुसरीही त्या क्षणी संपते.