कंजुरेशन विझार्ड: बरेच महिने खेळल्यानंतरचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमच्या पाचव्या एडिशनमधला (२०१४ चं प्लेअर्स हँडबुक) कंजुरेशन विझार्ड, म्हणजे हवेतून वस्तू काढणारा जादूगार, बरेच महिने खेळतेय, आता नववी लेव्हल चालूये. घ्यावा का? नक्की घ्या, फक्त डीएमशी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आधी नीट बोलून घ्या.

याची खरी मजा दुसऱ्या लेव्हललाच मिळते, मायनर कंजुरेशन. हवेतून वस्तू काढायची, स्पेल स्लॉट (मंत्र वापरायचा ठरावीक कोटा) लागत नाही, कितीही वेळा करा. वस्तू कुठल्याही बाजूने ३ फुटांच्या आत, वजन १० पौंडांच्या आत, जादूची नको, आणि १ तासाने गायब. वर ती मंद उजेड देत राहते, त्यामुळे खोटा शिक्का दाखवून पहारेकऱ्याला गंडवणं वगैरे विसरा. पण सगळ्यात भारी अट म्हणजे ती वस्तू तुमच्या कॅरेक्टरने आधी पाहिलेली पाहिजे. तुम्ही यूट्यूबवर काय पाहिलंय त्याचा काही संबंध नाही.

बऱ्याच जणांना ही अट जाचक वाटते, मला उलट वाटतं. दुर्बिणीची किंमत पुस्तकात १,००० गोल्ड पीस आहे, माझी विझार्ड खेड्यातली, तिने ती कुठे पाहिलेली असणार? मग एका बंदरात जहाजाच्या कप्तानाशी गप्पा मारून, त्याच्या मोहिमांच्या गोष्टी ऐकून शेवटी ती हातात घेऊन बघितली आणि त्यानंतर हवी तेव्हा काढता येते!! तेव्हापासून बाजारात गेलं की मी प्रत्येक दुकानात काय काय ठेवलंय ते विचारते आणि वहीत लिहून ठेवते, शहरं खरी वाटायला लागली त्यामुळे.

वाद होतो तो किल्लीवर. पहारेकऱ्याच्या कमरेला लटकलेली किल्ली लांबून दिसली तर तिचे दाते कळले का? नियमात याचं उत्तर नाही. आमचा डीएम इंटेलिजन्स चेक मागतो (कॅरेक्टरच्या बुद्धीच्या आकड्यावर फासा टाकून ठरवायचं), मला ते पटतं. गनपावडरला मात्र त्याने सरळ नाही म्हटलं, ते बरोबरच आहे, कोळसा गंधक सोरा हे खेळणाऱ्याला माहीत, कॅरेक्टरला नाही. ट्रोलचंही तेच, जखमा भरायच्या थांबवायला आग किंवा ॲसिड लागतं हे जुन्या खेळाडूंना पाठ असतं, पण ज्याने ट्रोल कधी पाहिलाच नाही तो पहिल्याच राउंडला मशाल का उचलेल? आधी रोल करा, किंवा गावातल्या कुणाला तरी विचारा.

नवव्या लेव्हलला क्रिएशन स्पेल घेतला, तिथेही आकार आणि मटेरियल दोन्ही पाहिलेलं लागतं. दगड १२ तास टिकतो, सोनं १ तास, रत्नं जेमतेम १० मिनिटं. आणि असा हिरा रिव्हिविफायसाठी (नुकत्याच मेलेल्याला जिवंत करणारा स्पेल) वापरला तर तो स्पेल फेल जातो, म्हणजे मेलेल्या मित्रासाठी खरा ३०० गोल्डचा हिराच शोधावा लागतो. मला हे अगदी योग्य वाटतं.

२०२४ च्या हँडबुकमध्ये हा सबक्लास (विझार्डचा हा कंजुरेशनवाला प्रकार) नाहीये, त्याचं फार वाईट वाटतं. नवीन कॅम्पेन सुरू करणार असाल तर जुन्या पुस्तकातला चालेल का ते डीएमला सेशन झिरोलाच (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) विचारा.