शिवण कमी, शिव्या जास्त: घरच्या इलेक्ट्रिक मशीनचे आठ महिने

दिवाळीच्या ऑफरमध्ये ९,२०० रुपयांना घेतलेलं मशीन. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको. हल्ली सगळीकडे दिसतं तसलंच आहे: पांढरं, हलकं, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) वरून टाकायची, टाके निवडायला गोल बटण. त्यातले मी वापरते दोनच, सरळ आणि झिगझॅग. बाकीची फुलंपानं कुणासाठी देतात देव जाणे.

इचलकरंजीत राहून कापडावर पैसे घालवणं म्हणजे पापच. कटपीस इथे किलोवर मिळतात. त्यामुळे खर्च काय तो मशीनचा, आणि तो वसूल करायचाच म्हणून मी वही घातली. शिंप्याचे वाचलेले पैसे जमेला, दोरा-सुया नावे.

सुरुवात उशांच्या अभ्र्यांपासून केली. १७ बाय २७ ची उशी असेल तर १८ इंच रुंद आणि ६२ इंच लांब अशी एकच पट्टी कापायची. दोन्ही टोकं दुमडून टीप मारायची, पाकिटासारखी घडी घालायची, कडेला दोन टिपा. चेन नको, बटण नको. फक्त मांजरपाट असेल तर आधी गरम पाण्यात भिजवून धुवा. सायझिंगची खळ निघते आणि काय आटायचं ते कापड तेव्हाच आटतं. मी पहिले दोन तसेच शिवले. एका धुण्यानंतर उशी आत जाईना.

दुसऱ्या महिन्यात गुंता सुरू झाला. वरून टाका सुरेख, कापड उलटं करावं तर खाली शेवयांचा गोळा. कापड अडकायचं, सुई वाकायची. खाली गुंता म्हणजे दोष खालीच, असं माझं गणित. म्हणून बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन बसते त्या वाटीचा, स्क्रू पिळला, तेल घातलं, बाजारातून लोखंडी बॉबिन आणून बसवल्या (हे अजिबात करू नका, केस प्लास्टिकची असते, तिला चरे पडतात). सुयांचं अख्खं पाकीट संपवलं. सासूबाई बाजूला बसून, ‘अगं, माझ्या पायमशीनला चाळीस वर्षांत असं झालं नाही,’ हे रोज न चुकता ऐकवत होत्या.

सर्व्हिसवाला अकरा दिवसांनी आला. ‘बॉबिन केस वॉरंटीत येत नाही मॅडम.’ केसचे ६५०, घरी येण्याचे ४००. त्याच्यासमोर मशीन गुणी बाळासारखं चाललं. दुसऱ्या दिवशी मी दोऱ्याचा रंग बदलला आणि परत शेवया! त्या दिवशी हे लिहिलं असतं तर रेटिंगचा एक तारासुद्धा दिला नसता.

शेवटी गल्लीतल्या जुनी पायमशीनं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे पिशवीत घालून नेलं. त्यांनी काही उघडलं नाही. ‘ताई, दोरा ओवून दाखवा.’ मी ओवला. ‘फूट खाली ठेवून कशाला ओवताय?’

एवढंच होतं. फूट म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा पाय. तो खाली असला की वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात न शिरता वरच्यावर राहतो, त्याला ताणच बसत नाही, आणि सैल दोरा सगळा खाली खेचला जातो. म्हणजे गुंता खाली, दोष वर. पायमशीनवर त्या चकत्या बाहेरच असतात, दोरा बसला की नाही ते डोळ्यांना दिसतं. इथे सगळं पांढऱ्या प्लास्टिकच्या पोटात. काकांनी पैसे घेतले नाहीत.

तेव्हा मत बदलते: मशीन चांगलं आहे. त्यानंतर चार महिन्यांत एकदाही गुंता नाही. जुन्या जीन्सच्या तीन पिशव्या झाल्या. १६ नंबरची सुई लावा, आणि जिथे शिवणीवर शिवण येते तो जाड भाग आधी खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोकून चपटा करा. फूट तिथे चढताना वाकडा होतो, तेव्हा त्याच्या मागे कापडाची घडी सरकवायची म्हणजे तो सपाट राहतो. गोधडीच्या मात्र नादाला लागू नका. चार सुती साड्यांचा थर त्या एवढ्याशा जागेतून सरकत नाही. ती हातानेच, धावदोऱ्याने.

तरी ते १,०५० रुपये विसरता येत नाहीत. चूक माझी, मान्य. पण त्या सर्व्हिसवाल्याने स्वतः फूट उचलूनच दोरा ओवला होता ना? मग मला एकदा ओवायला लावून बघायला काय झालं होतं? माहितीपत्रकात फूट वर घ्यायचं चित्र आहे म्हणे. आहे, नखाएवढं, आणि शेजारी मराठीत एक अक्षर नाही.

वहीत सध्या जमेला ४,३१०. ते १,०५० लाल शाईने नावे टाकलेत.

परवा कंपनीचा फोन आला, वॉरंटी वाढवून घेता का म्हणून. मी विचारलं, त्यात बॉबिन केस येते का?

‘मॅडम, बघून सांगतो.’